पीटी क्रूझर की एचएचआर? रोजच्या वापरासाठी जुनी गाडी कशी निवडावी

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीसाठी आलेल्या आपल्या मुलांचं पहिल्या गाडीचं बजेट बरेचदा तीन-चार हजार डॉलरचं असतं. तेवढ्या पैशात गाड्या शोधायला लागलं की फुगीर मडगार्डची, उंच छपराची, आजोबांच्या काळातली वाटावी अशी एखादी वॅगन समोर येतेच. जवळ जाऊन बोधचिन्ह बघितलं की कळतं, ती क्रायस्लरची पीटी क्रूझर तरी आहे, नाहीतर शेव्हरोलेची एचएचआर. लांबून दोघी सख्ख्या बहिणी वाटतात आणि नातंही तसंच आहे. ब्रायन नेस्बिट या डिझायनरने आधी क्रायस्लरमध्ये पीटीला रूप दिलं, मग तो जनरल मोटर्समध्ये गेला आणि तिथे एचएचआर आकाराला आणली. पीटीवर १९३०च्या दशकातल्या गाड्यांची छाप आहे. एचएचआर १९४९ च्या शेव्हरोले सबर्बनवरून घेतली आहे, आणि तिच्या तीन अक्षरांचा अर्थ ‘हेरिटेज हाय रूफ’, म्हणजे वारशातलं उंच छप्पर. दोन्ही मेक्सिकोत बनल्या. पीटी तोलुकाला २०१० पर्यंत, एचएचआर रामोस अरिझपेला २०११ पर्यंत.

म्हणजे आज विकायला दिसणारी प्रत्येक गाडी पंधरा वर्षांच्या आसपासची किंवा त्याहून जुनी आहे. मी दोन्ही रोज चालवल्या आहेत, आधी पीटी आणि नंतर एचएचआर. माझं ठाम मत असं की या वयाच्या गाडीत मॉडेलपेक्षा आधीच्या मालकाला जास्त महत्त्व द्यावं. तरीही दोघींमधले काही फरक रोजच्या रोज जाणवतात, म्हणून तिथून सुरुवात करू.

पायरी १: आठवडाभर स्वतःचा प्रवास लिहून काढा

रोज किती मैल, त्यातले महामार्गावर किती, सोबत कोण आणि सामान काय, हे सात दिवस वहीत लिहा. निम्मा निर्णय या वहीतच होतो.

महामार्गावरचा प्रवास जास्त असेल तर एचएचआरकडे झुका. तिचं २.२ लिटरचं इंजिन महामार्गावर गॅलनला ३० मैलांच्या घरात अ‍ॅव्हरेज देतं. ऑटोमॅटिक गिअरची २.४ लिटरची पीटी २४-२५ वर अडते. वर्षाला १२,००० मैल महामार्गावर काढले तर एकीला ४०० गॅलन आणि दुसरीला जवळपास ५०० गॅलन पेट्रोल लागेल. तुमच्या गावातल्या पेट्रोलच्या भावाने त्या शंभर गॅलनला गुणा आणि तो आकडा दोन गाड्यांच्या किमतीतल्या फरकाशेजारी मांडून बघा.

सामानासाठी मात्र पीटीची डिकी मला जास्त आवडते. मागची सीट दोन भागांत पूर्ण बाहेर काढता येते, म्हणजे घर बदलताना गादी, टेबल, सायकल सगळं आत जातं. सीट जड आहे, काढायला दोघं लागतात आणि काढलेली सीट ठेवायला घरात कोपरा लागतो. डिकीतली फळी वेगवेगळ्या उंचीवर बसवता येते. एचएचआरची मागची सीट निघत नाही, पण दुमडली की सपाट होते. पुढची प्रवाशाची सीटही दुमडली की लांब फळ्या किंवा शिडी आरामात मावते.

पायरी २: दोन्हींत बसा आणि घरच्यांनाही बसवा

दोन्हींच्या सीट साध्या सेडानपेक्षा उंचावर आहेत. सहा महिन्यांसाठी महाराष्ट्रातून आलेल्या आईवडिलांचा विचार करा. गुडघे दुखणाऱ्या, साडी नेसलेल्या आईला खाली वाकून आत शिरावं लागत नाही आणि उतरताना दाराला धरून स्वतःला ओढून काढावं लागत नाही. माझ्या आईने या एका गोष्टीसाठी पीटीला शंभर टक्के गुण दिले होते.

मग ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि मान वळवून मागे बघा. इथे एचएचआर कमी पडते. तिच्या खिडक्या बुटक्या, मागचे खांब जाड, त्यामुळे लेन बदलताना शेजारची गाडी त्या खांबाआड सहज लपते. सवय होते, पण नव्याने गाडी शिकलेल्या माणसाला मी ती देणार नाही. पीटीतून बाहेरचं जरा मोकळं दिसतं. तिची अडचण निराळी आहे, यू-टर्न घ्यायला तिला जागा जास्त लागते. लांबीलाही एचएचआर सुमारे सात इंचांनी मोठी आहे. रस्त्याकडेला दोन गाड्यांच्या मधे घुसवून पार्किंग करणाऱ्यांना हे सात इंच रोज आठवतील.

खिडक्यांची बटणं दारावर शोधू नका, दोन्हींत ती मधोमध आहेत.

पायरी ३: बेल्टचं बिल मागा

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पीटीच्या २.४ लिटर इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो रबराचा असतो आणि साधारण लाख मैलांच्या आसपास बदलावा लागतो. गाडी फारशी चाललेली नसली तरी रबर वयाने कडक होतं, त्यामुळे ‘फक्त ६०,००० मैल झालेत’ हे उत्तर पुरेसं नाही. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर ती जागीच बंद पडते आणि इंजिनाच्या आतही मोडतोड होऊ शकते. या इंजिनाचा वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो. म्हणून जाणता मेकॅनिक बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि पंप एकदमच बदलतो. जागा इतकी अडचणीची की एका बाजूचं इंजिन माउंट, म्हणजे इंजिन पेलणारा टेका, सोडवावं लागतं. त्यामुळे सुट्या भागांपेक्षा मजुरीच जास्त होते, आणि तीच मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही.

विकणाऱ्याला सरळ विचारा: ‘टायमिंग बेल्ट कधी बदललात? बिल आहे?’ बिलावर तारीख, मैल आणि वॉटर पंपाचा उल्लेख असेल तर ती पीटी पुढच्या पायरीला न्या. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरा, दोन गॅरेजमधून खर्च विचारा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा. ऐकलं नाही तर गाडी सोडा.

एचएचआरच्या इकोटेक इंजिनात बेल्टऐवजी साखळी आहे. ती ठरावीक मैलांना बदलायची नसते, पण तिला चांगलं तेल मात्र हवं. तेल वेळेवर बदललं नाही तर साखळी सैल पडते. म्हणून इथे बेल्टच्या बिलाऐवजी तेलबदलीची बिलं मागा आणि डिपस्टिक स्वतः काढून बघा. तेल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर गेल्या काही महिन्यांत बॉनेट कुणी उघडलेलं नाही.

पायरी ४: व्हिन नंबर टाकून रिकॉल तपासा

एचएचआर घेताना ही पायरी कुठल्याही कारणाने टाळू नका. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने सदोष इग्निशन स्विचमुळे लाखो गाड्या परत बोलावल्या. त्यात २००६ ते २०११ या सगळ्या वर्षांच्या एचएचआर होत्या. किल्लीला धक्का लागला किंवा तिच्यावर वजन लटकत असलं की चालत्या गाडीत स्विच सरकायचा. इंजिन बंद पडायचं, स्टिअरिंग जड व्हायचं आणि अपघात झालाच तर एअरबॅग उघडायच्या नाहीत. या दोषामुळे माणसं दगावली आहेत. २००९-१० च्या काही एचएचआरसाठी इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचाही वेगळा रिकॉल निघाला होता.

समोरच्या काचेच्या कोपऱ्यातून दिसणारा सतरा अक्षरांचा व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टिपून घ्या आणि एनएचटीएसए या सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाका. कोणती दुरुस्ती बाकी आहे ते लगेच दिसतं. अशी दुरुस्ती कंपनीच्या डीलरकडे फुकट होते. बाकी दिसली तर विकणाऱ्याला ती आधी करून आणायला सांगा, आणि होईपर्यंत किल्ली एकटीच ठेवा. घराच्या किल्ल्या, गणपतीचं पदक, काहीही तिला अडकवू नका. पीटीचाही नंबर असाच तपासा.

पायरी ५: गाडी थंड असताना जा

विकणाऱ्याला फोनवरच सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. थंड इंजिन सुरू करताना एचएचआरमध्ये साखळीचा खडखडाट येतो का ते ऐका. पीटीत गाडी उभी असताना सगळं अंग थरथरत असेल तर इंजिन माउंट गेलेत.

गाडी चालवताना रेडिओ बंद. आधी खड्ड्यांच्या, गतिरोधकांच्या रस्त्याने न्या. पुढच्या बाजूने ठक-ठक आवाज आला तर कंट्रोल आर्मचे बुश, म्हणजे चाकाला धरणाऱ्या दांड्यातले रबराचे तुकडे, संपलेत. दोन्हींत ही तक्रार नेहमीची आहे, भाव करायला उपयोगी पडते, पण घाबरण्यासारखी नाही. गिअरची तक्रार मात्र महागात जाते. रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकताना धक्का बसला किंवा गाडी क्षणभर विचार करत थांबली तर पुढे बोलणी करू नका. पीटी दुसऱ्या गिअरमध्येच अडकून राहिली तर गिअरबॉक्सने स्वतःला वाचवण्यासाठी हात टेकले आहेत, असं समजा.

पीटीच्या ऑटोमॅटिकला ‘एटीएफ प्लस फोर’ हेच तेल लागतं. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ म्हणून विकलं जाणारं तेल त्यात घालू देऊ नका. मी गॅरेजला जाताना माझी बाटली बरोबर घेऊन जात असे.

दोनशे डॉलरच्या यंत्राशिवायही पीटीचे दोष-कोड वाचता येतात. इंजिन सुरू न करता किल्ली तीनदा ऑन-ऑफ करून शेवटी ऑनवर ठेवली की ओडोमीटरच्या जागी ‘पी’ने सुरू होणारे कोड दिसतात. एचएचआरला साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे दोष-कोड वाचणारं छोटं यंत्र, लावा. त्यात तपासण्या अपूर्ण दिसल्या तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात.

आता एचएचआरच्या डिकीतली फळी उचला, बॅटरी तिथे आहे. तिच्याभोवती पाणी किंवा ओल दिसली तर मागून गळती आहे.

पायरी ६: गंज, कागद आणि भाव

मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. गुडघ्यावर बसून टॉर्चने दारांखालचा पत्रा आणि ब्रेकच्या नळ्या बघा. वरचा रंग चकचकीत आणि खालचा पत्रा बोटाने दाबला जात असेल, तर बाकी सगळं उत्तम असूनही परत फिरा. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, क्लीन हवं, त्यावर गाडी भंगारात काढल्याची नोंद नको आणि त्यावरचं नाव विकणाऱ्याच्या ओळखपत्राशी जुळायला हवं. शेवटी स्वतः निवडलेल्या मेकॅनिकला गाडी लिफ्टवर घेऊन बघायला सांगा. विकणारा याला नाही म्हणाला तर त्याचं उत्तर मिळालं.

टर्बो मॉडेलं, म्हणजे पीटी जीटी आणि २६० अश्वशक्तीपर्यंत जाणारी एचएचआर एसएस, चालवायला झकास आहेत. रोज ऑफिसला जायला मी त्या सुचवणार नाही, पेट्रोल आणि दुरुस्ती दोन्ही महाग पडतात.

दोन्ही गाड्या सारख्याच चांगल्या अवस्थेत मिळाल्या, तर लांबच्या महामार्गासाठी मी एचएचआर घेईन. शहरात फिरायला, आईवडिलांना न्यायला आणि सामान हलवायला पीटी. पण बेल्टचं बिल असलेली पीटी आणि बिलांशिवायची एचएचआर समोर असतील, तर महामार्ग असला तरी पीटीच.

गाडी घरी आली की पहिल्या शनिवारी इंजिन तेल आणि कूलंट बदला. मग मास्किंग टेपवर तारीख आणि मैल लिहून ती पट्टी बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. पीटी असेल तर तिच्याखाली दुसरी पट्टी बेल्टची.