नमुन्याचं पेट्रोल आधी, शर्यत नंतर: इंधन-तपासणीची तयारी

मोटार शर्यतीत तपासनीस गाडीतून पेट्रोलचा नमुना काढून घेतात आणि ते नियमात बसतं का ते पाहतात; नमुना पुरेसा निघाला नाही किंवा जुळला नाही तर गाडी बाद होऊ शकते. त्यासाठी सगळ्यात आधी स्पर्धेची नियमावली आणि तिची पुरवणी उघडा. नमुना किती द्यायचा, तो केव्हा मागितला जाऊ शकतो आणि कुठलं पेट्रोल चालतं, या तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या संघाच्या जागेत) डोळ्यांसमोर लावा. फॉर्म्युला वनमध्ये नमुना एक लिटरचा असतो आणि तो कधीही मागता येतो. तुमच्याकडे आकडा वेगळा असेल. शेजारच्या संघाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

आता मुख्य काम. टाकीत किती उरतं यापेक्षा टाकीतून बाहेर किती निघतं, ते मोजा. २०२१ च्या हंगेरी ग्रां प्रीत सेबास्टियन व्हेटेल दुसरा आला. संघाच्या हिशेबाने गाडीत एक लिटरपेक्षा बरंच जास्त पेट्रोल शिल्लक होतं, पण पंपातून निघालं फक्त ०.३ लिटर. व्हेटेल बाद. म्हणून घरच्या शेडमध्येच चाचणी घ्या: रिकाम्या टाकीत मोजून तीन लिटर घाला, गाडीच्याच पंपाने नमुन्याच्या नळीतून मापाच्या भांड्यात काढा, धार तुटायला लागली की थांबा (पंप कोरडा फिरवू नका, तो पेट्रोलनेच थंड राहतो). जे निघालं नाही, ते तुमच्यासाठी नसल्यातच जमा. हीच चाचणी गाडी थोडी कलती ठेवून आणि एकदा इंजिन चांगलं तापल्यावरही करा. गरम पेट्रोलची वाफ झाली की पंपाची ओढ जाते, आणि शर्यतीनंतर गाडी गरमच असते.

त्या न निघणाऱ्या पेट्रोलमध्ये नमुना मिळवा, वर पिटपर्यंत परतायचं पेट्रोल मिळवा. मी त्यावर आणखी अर्धा लिटर ठेवतो. कोणी वजनावरून कुरकुर केली तर हिशेब दाखवा: लिटरभर पेट्रोल म्हणजे पाऊण किलो, आणि फॉर्म्युला वनमधल्या ढोबळ आडाख्याने दहा किलोमागे लॅपला (ट्रॅकच्या एका फेरीला) ०.३ सेकंद जातात. म्हणजे लिटरमागे दोन शतांशाच्या आसपास. याउलट २०१२ मध्ये स्पेनला पोल (पात्रता फेरीतला पहिला क्रमांक) मिळवलेल्या लुईस हॅमिल्टनची गाडी कमी पेट्रोलमुळे ट्रॅकवरच थांबवावी लागली आणि तो शेवटून सुरू झाला. त्याच वर्षी अबू धाबीत पात्रता फेरीनंतर व्हेटेलच्या गाडीतून ८५० मिलिलिटरच निघालं, त्याचंही तेच झालं. सराव किंवा पात्रता फेरीत गाडी ट्रॅकवर थांबली तर परतीच्या वाटेला लागलं असतं तेवढं पेट्रोलही नमुन्यावर दाखवावं लागतं, असा फॉर्म्युला वनचा नियम आहे. चालकाला हे आधीच सांगून ठेवा.

शुद्धतेकडे वळा. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने पेट्रोलमधले घटक वेगळे करून त्यांचा आलेख आधी नोंदवलेल्या पेट्रोलच्या नमुन्याशी ताडतात, बोटांचे ठसे जुळवावेत तसं. मागच्या स्पर्धेचं पेट्रोल टाकीत, नळ्यांत, फिल्टरमध्ये राहिलं असेल तर ते पूर्ण काढा आणि नव्या पेट्रोलने एकदा धुऊन टाका. इंजेक्टर साफ करायचं औषध या आठवड्यात बंद. कॅन घट्ट मिटलेले, सावलीत. उन्हात उघडे राहिले तर हलके घटक आधी उडतात आणि आलेख बदलतो. १९९५ ला ब्राझीलमध्ये शूमाकर आणि कूल्टहार्ड पहिले-दुसरे आले, पण पेट्रोल नोंदवलेल्या नमुन्याशी जुळलं नाही म्हणून बाद झाले. अपिलात चालकांचे गुण परत मिळाले, संघांचे नाही.

सामानाच्या पेटीत जुळणारा कपलर (नळी गाडीला जोडायचा जोड), नमुन्याची नळी, जादा ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी), अर्थिंगची तार, हातमोजे आणि अग्निशामक ठेवा. नमुना काढताना संघाचा एकच माणूस उभा राहील, तो शांत डोक्याचा निवडा. बाटल्या बहुधा तीन भरतात: एक तपासणीला, एक राखीव, एक तुमची. तिन्हींवरचे सील क्रमांक तिथेच वहीत लिहा, मगच सही करा. आपली बाटली निकाल अंतिम होईपर्यंत थंड जागी, सील न तोडता ठेवा.