नागपूरहून क्रूझला निघताना आधी अनारसे बाहेर काढा

निघायच्या आदल्या रात्री मी सासूबाईंचे अनारसे बॅगेतून बाहेर काढले, तर त्या दोन तास माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या दिवशीच सकाळी तळलेले, जाळी अशी पडलेली की बघत राहावं. पण अनारशाला खसखस असते, आणि सिंगापूरमध्ये खसखस परवानगीशिवाय नेता येत नाही. तिथे ती अमली पदार्थविरोधी खात्याच्या यादीत आहे. "काहून वो, खसखशीनं कोणाले नशा येते?" एवढंच त्या म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

आपल्या नागपुरी घरांत हे फार होतं म्हणून सुरुवातीलाच सांगते. सावजी मसाल्याच्या पुडीतही खसखस असते, तोही घरीच राहू द्या. दुबईहून सुटणाऱ्या क्रूझसाठी इथून शारजाच्या विमानाने जाणार असाल तर दुप्पट काळजी घ्या, अमिरातीत खसखशीवर सरळ बंदी आहे. आणि खर्रा! तसा तो महाराष्ट्रातही बंदच आहे, पण पानठेल्यांवर काय चालतं ते तुम्हाला-मला माहीत आहे. सिंगापूरमध्ये चघळायच्या तंबाखूला बंदी आहे आणि तिथला कस्टमवाला तुमचा ओळखीचा नसतो. आमच्या दिरांच्या जॅकेटच्या आतल्या खिशातून एक पन्नी मी विमानतळावर, सोनेगावला, काढून कचऱ्यात टाकली. सिंगापूरला च्युइंगगमसुद्धा नेऊ नका.

आमचा बेत चार रात्रींचा होता: सिंगापूर, पेनांग, फुकेत, परत सिंगापूर. आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. बँकेत तीस वर्षं काढल्यामुळे मला कागदाचा कीडा चावलेला आहे. तरीही मी चूक केलीच. बुकिंग करताना सासूबाईंचं नाव सवयीने 'शकुंतलाबाई' लिहिलं आणि पासपोर्टवर नुसतं 'शकुंतला' होतं. दुरुस्तीला चार फोन आणि आठ दिवस गेले. पासपोर्ट समोर उघडा ठेवून एकेक अक्षर जुळवा. आणि परतीच्या तारखेनंतर तो निदान सहा महिने चालणारा हवा, नाहीतर आधी तो नवा करून घ्या आणि मगच पैसे भरा.

व्हिसाचं गणित विमानाच्या सहलीपेक्षा वेगळं असतं. जहाज जिथे जिथे लागतं त्या प्रत्येक देशाचा विचार करावा लागतो. काही देश तर तुम्ही खाली उतरला नाहीत तरी व्हिसा मागतात. जहाज कंपनीकडून बंदरांची आणि व्हिसांची यादी लेखी घ्या. एजंट "सब हो जायेगा मॅडम" म्हणाला तरी घ्या, कारण कागद कमी पडला तर धक्क्यावरून परत पाठवतात आणि पैसे मिळत नाहीत. आम्ही गेलो तेव्हा मलेशिया आणि थायलंडला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नव्हता, सिंगापूरचा मात्र लागत होता. तो अधिकृत एजंटामार्फतच काढावा लागतो. नियम बदलत राहतात, म्हणून निघायच्या महिनाभर आधी पुन्हा एकदा बघा.

इथे एक बारीक गोष्ट आहे. जहाज सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येतं, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरता. व्हिसा एकाच प्रवेशाचा असला तर परतीला अडकाल. युरोपात हीच गोष्ट जास्त महागात पडते. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर, ग्रीसला चढलात, मधे जहाज तुर्कस्तानला लागलं आणि परत ग्रीसला आलं, तर अनेक प्रवेशांचाच व्हिसा पाहिजे. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, जहाजावरून परत उतरतानाही पुन्हा. ते सरकारी साइटवर फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

आता जेवण. आमच्या घरचा हिशोब ऐका: सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत आणि एकादशी पाळतात, ह्यांना मधुमेह आहे, आणि दिरांना रोज मटण दिलं तरी चालतं. दिरांचा प्रश्न जहाजानेच सोडवला. बाकीच्यांसाठी बुकिंग झाल्याबरोबर कंपनीला लेखी कळवावं लागतं. बहुतेक कंपन्यांना हे महिना-दीड महिना आधी हवं असतं, कारण जहाजाचा किराणा आधीच भरलेला असतो. समुद्रात मधेच कोणी कोथिंबीर आणायला जात नाही.

कळवताना नुसतं 'व्हेज' लिहू नका. तिकडच्या व्हेजमध्ये अंड्याचा केक बसतो, आणि भाज्यांच्या परतणीत कधी माशाचा नाहीतर ऑयस्टरचा सॉस पडतो. 'जैन जेवण' हा शब्द आशियातल्या जहाजांवर कळतो, आम्ही तोच लिहिला आणि खाली स्पष्ट केलं: अंडं नाही, मासा नाही, कांदा-लसूण नाही, बटाटा चालेल. पहिल्या रात्री मोठ्या डायनिंग हॉलमध्ये मुख्य वेटरला गाठा. नाव विचारा, टेबलाचा नंबर पक्का करा आणि रोज त्याच टेबलावर बसा. आमचा वेटर गोव्याचा निघाला. तो रोज रात्री जेवण झाल्यावर उद्याचा मेनू सासूबाईंसमोर ठेवायचा, त्या चष्मा लावून बोट ठेवायच्या आणि तो कागदावर लिहून घ्यायचा. सकाळच्या बुफेपेक्षा हा रस्ता कितीतरी बरा, कारण बुफेत एकच चमचा सगळ्या भांड्यांत फिरतो.

एकादशी नेमकी समुद्रातल्या दिवशी आली. भगर त्यांच्याकडे नव्हती, आणि घरचं शिजवलेलं अन्न जहाजावर घेऊ देत नाहीत. दुकानातलं सीलबंद कोरडं पाकीट सहसा चालतं, तरी आधी विचारून घ्या. आम्ही खजुराची आणि राजगिऱ्याच्या लाडवांची पाकिटं नेली होती. वेटरने उकडलेले बटाटे, दही आणि कापलेला अननस आणून दिला. सासूबाईंचा निकाल: "उपास घरच्यापेक्षा बरा झाला."

इलेक्ट्रिक किटली मात्र नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. इस्त्री, उदबत्ती, निरंजन सगळं त्यातच आलं. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, सोबत डॉक्टरची चिठ्ठी. खोलीतला छोटा फ्रीज नुसता पाणी गार करण्याइतकाच असतो, म्हणून बुकिंगच्या वेळीच औषधासाठी फ्रीज आणि सुया टाकायचा डबा मागून ठेवा. खोकल्याच्या आणि झोपेच्या काही गोळ्या-औषधांना सिंगापूरमध्ये आधी परवानगी लागते, तेही तपासा.

खोली खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं. बाल्कनीचा मोह आम्ही आवरला, चार रात्रींत ती फार तर दोन तास वापरली असती. आणि नागपूरहून सिंगापूरला थेट विमान नाही हे विसरू नका. मुंबई, हैदराबाद, कुठूनही जा, पण जहाज सुटायच्या आदल्या दिवशी पोचा. आम्ही सेरंगून रोडजवळ राहिलो. तिथलं कोमला विलास 1947 पासून शाकाहारी जेवण देतंय, सासूबाईंना तिथला डोसा आवडला. दुसरं म्हणजे सिंगापूरमध्ये क्रूझचे धक्के दोन आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ टर्मिनल' सांगू नका, तिकिटावरचं नाव दाखवा.

उतरून फिरण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येक बंदरात जहाजाची टूर घ्यायची गरज नाही, पण कुठे घ्यायची ते नकाशा बघून ठरवा. पेनांगला जहाज स्वेटनहॅम धक्क्याला, म्हणजे जॉर्जटाउनच्या पायाशीच लागतं. जुनं शहर 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि चालत फिरता येतं. आम्ही लिटल इंडियात गेलो, महामारिअम्मन देवळात नारळ फोडला आणि परत. टूरचे पैसे वाचले. फुकेतचं प्रकरण वेगळं. तिथे आमचं जहाज पाटोंगच्या खाडीत नांगरून उभं राहिलं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेलं. बोट हलते, पायरी हलते. दोन खलाशांनी सासूबाईंचे कोपर धरून त्यांना उतरवलं. गुडघे दुखत असतील, व्हीलचेअर लागत असेल तर हे आधी विचारा. पावसाळी वाऱ्यात, म्हणजे साधारण मे ते ऑक्टोबर, ही बोट रद्दही होते.

खरी गंमत पुढे. आम्ही तिथे स्वतःची गाडी केली होती. शेवटची बोट सहाची. किनाऱ्यावर शहाळं पीत बसलो, मोबाइलमध्ये चार वीस. दीर म्हणाले, अजून एक बाजार होतो. तेवढ्यात सासूबाईंनी मनगट पुढे केलं. त्यांचं जुनं एचएमटी, पहिल्या दिवशी जहाजाच्या घड्याळावर लावलेलं. "माह्या घड्याळात पाच वीस झाले बाप्पा." थायलंड सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. मोबाइल आपोआप थायी वेळेवर गेला होता, जहाज मात्र सिंगापूरच्याच वेळेवर चाललं होतं. आम्ही पळालो. जाऊबाईंची एक चप्पल वाळूतच राहिली.

जहाजाच्या स्वतःच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या गाडीला झाला तर थांबत नाही. म्हणून स्वतः फिरणार असाल तर एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा, आणि शेवटच्या बोटीच्या दीड तास आधी धक्क्यापाशी या. पासपोर्टची झेरॉक्स आणि जहाजाच्या त्या बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर खिशात असू द्या, तो नंबर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला असतो.

पैशांचं थोडक्यात: जहाजावर रोख चालत नाही, खोलीच्या कार्डावर सगळं चढतं. टिप दर माणशी दर रात्रीची वेगळी लागते, तिकिटाचा भाव तुलना करताना ती आणि बंदराचा कर धरूनच करा. एजंट टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, लावेल, तो रिटर्न भरताना वळता करून घ्या. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, जहाजाच्या नेटवर्कवर एक फोन आला तरी बिल डोळे पांढरे करतं.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात, सकाळी त्या थेट धक्क्यावर मिळतात. त्याआधी औषधं, पासपोर्ट आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे बाजूला काढा. ह्यांनी इन्सुलिन काढलं, पासपोर्ट काढला, आणि पँट बॅगेत घालून दिली. सिंगापूरला ते लेंग्यावर उतरले.