माचा पावसाळ्यात सादळू नये म्हणून या चुका टाळा

माचा म्हणजे सावलीत वाढवलेली चहाची पानं वाफवून, वाळवून, देठ-शिरा काढून दळलेली पूड. ती इतकी बारीक असते की उजेड, उष्णता, हवा आणि ओल या चारही गोष्टी तिला पत्तीच्या चहापेक्षा फार लवकर लागतात. मुंबईत सगळ्यात जास्त नुकसान ओल करते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे फ्रिजमधला डबा काढून लगेच उघडणं. फ्रिजमध्ये तो ४-५ अंशांवर असतो. पावसाळ्यात इथला दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास, म्हणजे त्याहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर हवेतलं बाष्प पाणी होऊन बसणारच. गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून पाणी सुटतं ना, तेच इथे थेट पुडीवर होतं. म्हणून डबा बंदच बाहेर ठेवा, हाताला गार लागेनासा झाला की बाहेरून कोरडा पुसून उघडा. ३० ग्रॅमच्या डब्याला तासभर तरी द्या, फ्रीजरमधल्याला आणखी.

रोज पिणाऱ्यांना हे जमत नाही, आणि रोज डबा आतबाहेर करणं त्याहून वाईट. त्यांनी आठवड्याची पूड वेगळी काढावी. एका कपाला साधारण २ ग्रॅम, म्हणजे १४-१५ ग्रॅम. ती घट्ट झाकणाच्या, अपारदर्शक, छोट्या डब्यात ओट्यापासून लांब, बंद कपाटात ठेवा. बाकीची हवा दाबून काढलेल्या झिप पाउचमध्ये, तो पाउच हवाबंद डब्यात, आणि डबा फ्रिजच्या आतल्या कप्प्यात. दारात नको, तिथे तापमान सारखं बदलतं. ही वाटणी शक्यतो एसी चालू असलेल्या खोलीत करा, तिथली हवा कोरडी असते.

माचा वास फार पटकन ओढून घेतो. शेजारी सुकट, लसणाची चटणी किंवा कापलेला फणस असेल तर नुसतं झाकण पुरत नाही; दुहेरी बंदिस्ती त्यासाठीच.

काचेची बरणी, गॅसशेजारची फळी आणि फ्रिजचा माथा या तिन्ही जागा बाद. ओला चमचा तर नकोच. वाफाळत्या वाडग्यावर डबा धरून पूड घालू नका, आधी कोरड्या वाडग्यात पूड, मग ७०-८० अंशांचं पाणी. आणि १०० ग्रॅमचं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. उघडलेला माचा महिना-दीड महिन्यात संपायला हवा.

गुठळ्या झाल्या तर? बोटानं दाबून फुटत असतील आणि रंग हिरवागार असेल तर बारीक गाळणीतून चाळून घ्या, चव शाबूत असते. मसाल्याला दाखवतो तसं ऊन मात्र दाखवू नका, मायक्रोवेव्हही नको. उजेड आणि उष्णतेनं हरितद्रव्य मोडतं आणि उरलीसुरली तजेलदार हिरवाईही जाते. पूड पिवळट-शेवाळी दिसू लागली, वासही वाळल्या गवतासारखा येऊ लागला, तर ती नुसत्या पाण्यात पिण्याजोगी राहिलेली नाही. दूध-साखर घालून किंवा केकमध्ये संपवा. गुठळ्या खड्यासारख्या कडक असतील, कुबट वास येत असेल किंवा बुरशीचा ठिपका दिसला, तर चाळत बसू नका. सगळी पूड टाका आणि डबा धुऊन, पूर्ण वाळवूनच पुन्हा वापरा.