अँजिओग्राफी करायची आहे? आधी आणि नंतर या चुका टाळा

अँजिओग्राफीची तारीख ठरली की घरात टेन्शन येतं आणि मग जो तो आपल्या मनाने सल्ले द्यायला लागतो, सगळ्यात जास्त घोळ होतो तो गोळ्यांचा. "उद्या टेस्ट आहे ना, मग आज काहीच घेऊ नको" असं कोणीतरी सांगतं आणि पेशंट सगळ्याच गोळ्या बंद करून मोकळा होतो. कृपा करून असं करू नका. अ‍ॅस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात, आणि आधी स्टेंट (नस उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसलेला असेल तर क्लोपिडोग्रेलसारखी गोळी मनाने बंद केल्यावर स्टेंटमध्ये गुठळी होऊन अ‍ॅटॅक येऊ शकतो. वॉरफरिन किंवा रक्त पातळ करायची तसली दुसरी गोळी असेल तर ती थांबवायची का, किती दिवस आधी, हे डॉक्टरच सांगणार. इन्सुलिनवाल्यांनी तर नक्कीच विचारा, कारण उपाशीपोटी नेहमीचा डोस घेतला तर शुगर एकदम खाली जाते. सोपा उपाय म्हणजे चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या आणि एकेक दाखवून विचारा.

दुसरं म्हणजे डाय. मनगटातून किंवा जांघेतून घातलेल्या बारीक नळीतून आयोडीनचा डाय सोडतात म्हणून एक्स-रेवर हृदयाच्या नसा दिसतात, आणि तोच डाय पुढे किडनीतून बाहेर पडतो. त्यामुळे किडनीचा त्रास लपवू नका, क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट सोबत ठेवा. किडनी बरीच कमजोर असेल तर मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) थांबवतात आणि 48 तासांनी किडनी तपासून मगच परत सुरू करतात. पूर्वी सीटी स्कॅनच्या डायने अंगावर गांधी उठल्या होत्या, दम लागला होता, तर ते आधीच सांगा, मग आधी औषधं देऊन काळजी घेता येते.

टेस्ट चालू असताना तुम्ही जागेच असता, फक्त मनगट किंवा जांघेची जागा बधिर करतात. डाय सोडल्यावर अंगात गरम गरम वाटतं, घाबरू नका, पण छातीत दुखलं तर सहन करत बसू नका, लगेच बोला.

आणि अँजिओग्राफी म्हणजे तपासणी, उपचार नाही. ब्लॉकेज दिसलं तर त्याच टेबलावर अँजिओप्लास्टी (फुग्याने नस उघडून बहुधा स्टेंट बसवणं) करायची का, हे आधीच बोलून ठेवा, सही करताना वाचून करा. ना फार कमी ना फार जास्त अशा मध्यम ब्लॉकेजला नुसत्या टक्क्यांवर स्टेंट ठरत नाही, कधीकधी एफएफआर नावाची तपासणी करून ब्लॉकेजच्या पुढचा प्रेशर आधीच्या प्रेशरच्या किती पट आहे ते मोजतात, हा आकडा 0.80 किंवा त्याखाली आला तर त्या ब्लॉकेजमुळे रक्त कमी पोचतंय असं धरतात, तेव्हा याबद्दल बिनधास्त विचारा.

घरी आल्यावरची चूक म्हणजे "काही दुखत नाही" म्हणून लगेच कामाला लागणं. जांघेतून केली असेल तर सांगितलंय तितका वेळ पाय सरळ ठेवून पडून राहा, खोकताना शिंकताना त्या जागेवर हात दाबून धरा, काही दिवस वजन उचलू नका, जोर लावून शौचाला बसू नका. पाणी भरपूर प्या, फक्त हार्ट फेल्युअर असेल तर किती प्यायचं ते विचारून. थोडं काळंनिळं होणं चालतं, पण रक्त आलं तर उठून आरशात बघायला जाऊ नका, आडवे व्हा, कोणालातरी त्या जागेवर घट्ट दाबून धरायला सांगा, आणि जांघेतून धार लागली किंवा गाठ भराभर वाढायला लागली तर वाट न बघता अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. हात किंवा पाय गार पडला, निळसर झाला, बधिर वाटला, ताप आला, छातीत दुखलं तरी सकाळपर्यंत थांबायचं नाही. आणि हो, अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या, नुसता कागद नको, दुसरं ओपिनियन घ्यायचं झालं तर डॉक्टर आधी तीच मागतात.