चेनसॉच्या साखळीला धार कधी लावावी, हे कसे ओळखावे

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-मुरूड पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. ज्या कामाला एरवी कटरवाल्याला बोलावले जाई, त्या कामासाठी त्यानंतर माझ्या ओळखीतल्या बऱ्याच बागायतदारांनी स्वतःचा चेनसॉ, म्हणजे फिरत्या दातेरी साखळीने लाकूड कापणारे यंत्र, घेतला. यंत्र सुरू कसे करायचे आणि पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचे हे दुकानात सांगितले गेले. साखळीला धार कधी लावायची हे मात्र त्यांपैकी बहुतेकांना कोणी सांगितले नाही. त्यामुळे बोथट साखळीने दिवसभर जोर लावून कापत राहायचे आणि अगदीच चालेनाशी झाली की नवी आणायची, अशी सवय लागते. यात पैसा तर जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे कापणाऱ्याच्या अंगाला धोका होतो, आणि म्हणून ही गोष्ट सविस्तर लिहीत आहे.

आधी दात समजून घ्या

आजच्या साखळीवरचा दात ज्या आकाराचा असतो, त्यामागे एक किडा आहे. 1946 साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी बारकाईने पाहिली. ती आपल्या वाकड्या जबड्यांनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे लाकूड सहज कातरत जात होती. तीच रचना त्याने साखळीत आणली. आंब्याच्या खोडकिड्याने पाडलेला भुगा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही अळी काय करू शकते हे वेगळे सांगायला नको.

म्हणून साखळीवर एक दात डावा आणि एक उजवा असे आळीपाळीने येतात. प्रत्येक दाताची कामाची धार दोन ठिकाणी असते: वरच्या पात्याची पुढची कड, जी रंधा मारावा तशी लाकडाची पट्टी उचलते, आणि बाजूच्या पात्याची कड, जी त्या पट्टीच्या काठाचे तंतू तोडते. या दोन कडा जिथे मिळतात तो कोपरा सर्वांत आधी झिजतो, आणि धार पाहायची ती त्या कोपऱ्यावर. दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो, त्याला रेकर म्हणतात. दाताने एका वेळी किती खोल शिरायचे हे तो ठरवतो. यंत्र पूर्ण वेगात असताना साखळी सेकंदाला सुमारे 20 मीटर धावते. इतक्या वेगात बोथट कड लाकडावर घासली, की कापण्याऐवजी ती तापते आणि आणखी बोथट होते. म्हणजे धार एकदा उतरू लागली, की पुढची घसरण भराभर होते.

पहिली पायरी: खाली काय पडते ते पाहा

सर्व खुणांमध्ये ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण ती हाताला जड लागण्याच्या आधी दिसते. ओल्या आंब्याची किंवा फणसाची फांदी आडवी कापताना यंत्राच्या मागच्या बाजूने जे बाहेर पडते, ते मूठभर तळहातावर घ्या. धार चांगली असेल तर चौकोनी, जाडसर, हाताला तुकडे जाणवतील असा कीस मिळेल; त्यातला एखादा तुकडा चिमटीत धरून मोडता येतो. धार उतरत असेल तर त्याच फांदीतून रव्यासारखा चुरा पडू लागतो, आणि धार पूर्ण गेली असेल तर पीठ पडते, जे घामेजल्या हाताला चिकटते आणि कपड्यांवर धुळीसारखे बसते. चुरा रव्यासारखा झाला, की थांबावे. पिठापर्यंत जाऊ देऊ नये. रव्याच्या टप्प्यावर प्रत्येक दाताला कानशीचे दोन-तीन हात पुरतात, पिठाच्या टप्प्यावर दहा-बारा मारावे लागतात आणि तेवढा दात कायमचा कमी होतो.

यात फसगत होऊ शकते, ती कुठे तेही सांगायला हवे. वाळून खडखडीत झालेले किंवा कुजके लाकूड नवी साखळी लावली तरी भुसाच देते. उलट खोड उभे, म्हणजे तंतूंच्या दिशेने चिरत असाल तर लांब दोऱ्यांसारखा कीस निघतो. म्हणून पारख करायची ती ओल्या, निरोगी लाकडावर आणि आडव्या कापावर.

दुसरी पायरी: हाताला आणि कानाला काय जाणवते

धारदार साखळी स्वतःच लाकडात उतरते. यंत्राच्या स्वतःच्या वजनाला हाताने दिशा दिली, की पुरे. ज्या क्षणी आपण मागची मूठ दाबू लागतो, खांदे पुढे झुकवतो किंवा यंत्र खालीवर झुलवून काप पुढे नेऊ लागतो, त्या क्षणी धार गेली आहे असे समजावे. ही दाबण्याची सवय नकळत लागते. काप संपताना दाबलेले यंत्र एकदम खाली सुटते आणि मांडीपर्यंत येऊ शकते, म्हणून ती धोक्याची आहे. बोथट साखळी लाकडावर टेकताना थरथरते, उड्या मारते, आणि बारच्या, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीच्या, टोकाचा वरचा भाग कशाला अडकला तर यंत्र झटक्याने मागे, तोंडाच्या दिशेने उसळण्याची भीतीही वाढते.

काप सरळ न जाता कमानीसारखा एका बाजूला वळत असेल, तर डाव्या आणि उजव्या दातांची धार किंवा लांबी सारखी राहिलेली नाही. ज्या बाजूचे दात जास्त धारदार किंवा लांब, त्या बाजूला यंत्र ओढ घेते. उजव्या हाताच्या माणसाला एका बाजूची कानस सोपी आणि दुसऱ्या बाजूची अवघड जाते, त्यामुळे हा दोष घरी धार लावणाऱ्यांत फार आढळतो. दोन्ही बाजू नीट सारख्या करूनही काप वळतच राहिला, तर मग बारच्या कडा पाहाव्यात. त्या कमीजास्त झिजल्या असतील.

धूर किंवा जळकट वास आला, तर थेट कानस उचलू नका. आधी साखळीला तेल पोहोचते आहे का ते पाहा. बारचे टोक जमिनीपासून वीतभर वर, एखाद्या स्वच्छ फळीवर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर धरून यंत्र वेगात चालवावे. काही क्षणांत तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. रेघ उमटली आणि तरीही कापाच्या भिंती करपून तपकिरी होत असतील, तर दोष धारेचा आहे.

तिसरी पायरी: यंत्र बंद करून दात पाहा

इंजिन बंद करा, थंड होऊ द्या आणि हातात जाड मोजे घाला. धार गेलेली साखळीही बोट कापते. साखळी हाताने हळूहळू फिरवत प्रत्येक दाताची पुढची कड उन्हाकडे वळवून पाहा. खरी धार इतकी पातळ असते, की तिच्यावरून प्रकाश परतत नाही. ती काळी रेघ दिसते. बोथट कडेला रुंदी आलेली असते, आणि ती रुंदी उन्हात चांदीच्या तारेसारखी चमकते. पांढरी रेघ दिसली, की तो दात बोथट. दाताच्या वर चकचकीत क्रोमचा थर असतो. कडेजवळ तो उडालेला किंवा कोपऱ्यावर खडबडीत दिसला, तर तेवढा भाग कानशीने मागे न्यावाच लागेल, नुसती धार उजळून भागणार नाही.

हे सगळ्या दातांसाठी करावे. 18 इंची बारवरच्या .325 पिचच्या (पिच म्हणजे साखळीच्या कड्यांमधल्या अंतराचे इंचांतले माप) साखळीला साधारण 36 दात असतात, 18 डावे आणि 18 उजवे. त्यांत सर्वांत आखूड झालेला दात शोधून त्यावर खडूने खूण करून ठेवली, की पुढे बाकीचे दात त्याच्या मापाला आणता येतात.

काप मंद आहे, चुरा बारीक पडतो आणि तरी कडा मात्र काळ्या, धारदार दिसतात असे झाले, तर रेकर उंच राहिले आहेत. दात मागे सरकत झिजतो तसा त्याचा माथाही खाली येतो, पण रेकर तिथेच राहतो, त्यामुळे दात लाकडापर्यंत पोहोचतच नाही. बहुतेक साखळ्यांत रेकर दाताच्या माथ्यापेक्षा सुमारे 0.65 मिलिमीटर खाली असावा लागतो. तीन-चार वेळा धार लावली, की माप लावून पाहावे. रेकर अंदाजाने जास्त खाली घेणे हा मोठा धोका आहे, कारण मग दात लाकडाला नको तितका खोल धरतो आणि यंत्र उसळते. नव्याने साखळी बसवलेल्यांसाठी एक गोष्ट आणखी: यंत्र अजिबात कापतच नसेल, तर साखळी उलटी बसवलेली नाही ना, हे आधी पाहा. बारच्या वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे असली पाहिजे.

वाट न पाहता धार कधी लावावी

काही प्रसंगी खुणांची वाट पाहण्यात अर्थ नसतो. साखळी जमिनीला किंवा दगडाला एकदा टेकली, की ती बोथट झाली असेच समजावे. कोकणात पडलेल्या झाडाच्या सालीत जांभ्याचा लाल कण भरलेला असतो, आणि एक खोड कापण्यातही तो धार खाऊन टाकतो. निसर्गनंतर एका वाडीत मी स्वतः हे पाहिले आहे: पावसाने शिंतोडे उडून लाल झालेल्या आंब्याच्या बुंध्यावर दोन काप नीट गेले, तिसऱ्याला पीठ पडू लागले. पुढच्या बुंध्याची साल कापाच्या जागेवर कोयत्याने वीतभर तासून घेतली, तेव्हा तीच साखळी, पुन्हा धार लावल्यावर, अर्धा दिवस टिकली. कुंपणाच्या झाडांत जुनी काटेरी तार आणि खिळे गिळलेले असतात. कापताना ठिणगी दिसली तर लगेच थांबावे. माडाच्या खोडाचा बाहेरचा भाग, बांबू आणि सागही धार लवकर उतरवतात, तेव्हा या कामांत हिशेब वेगळा ठेवावा.

स्वच्छ लाकडावर काम असेल तर पेट्रोलची टाकी भरताना थांबावेच लागते. त्या वेळी तेल भरावे, साखळीचा ताण पाहावा आणि इंजिन बंद असताना प्रत्येक दाताला कानशीचे दोन हात मारून घ्यावेत. यात सात-आठ मिनिटे जातात. मातकट लाकडात काम जास्त असणाऱ्यांनी गोल कोपऱ्याच्या दातांची साखळी घ्यावी. चौकोनी कोपऱ्याची साखळी वेगात कापते, पण मातीत तिचा कोपरा फार लवकर जातो.

धार लावताना

कानस गोल हवी आणि साखळीच्या मापाची हवी: लहान यंत्रांवरच्या लो-प्रोफाइल 3/8 साखळीला 4 मिलिमीटर, .325 पिचला 4.8, आणि मोठ्या 3/8 पिचला 5.2 मिलिमीटर अशी सामान्यतः वापरतात, तरी साखळीच्या खोक्यावर जे माप असेल ते प्रमाण मानावे. बार शिकंजात किंवा ओंडक्यावरच्या खाचेत पक्का धरावा. कानशीचा सुमारे पाचवा भाग दाताच्या माथ्याच्या वर राहील अशी ती धरून, दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने ढकलावी. परत आणताना उचलून आणावी, घासत आणू नये. कोन बहुतेक साखळ्यांना 30 अंशांचा असतो आणि अनेक दातांवर त्याची रेघ कोरलेली असते. एका बाजूचे सगळे दात झाले, की यंत्र फिरवून दुसऱ्या बाजूला तेवढेच हात मारावेत. मग पुन्हा उन्हात धरून पाहावे: पांढरी रेघ गेली असेल तर कानस थांबवावी. त्यानंतर त्याच ओल्या फांदीवर एक काप घेऊन कीस हातात घ्यावा.

दाताच्या माथ्यावर मागच्या बाजूला बऱ्याच साखळ्यांवर तिरपी खूण असते. घासत घासत दात त्या खुणेपर्यंत आला, किंवा खूण नसल्यास दाताची लांबी 4 मिलिमीटर उरली, की ती साखळी काढून नवी बसवावी. त्यापुढे दात तुटून उडू शकतो.