गुडघे कुरकुरत असताना राजगडाला निघताना

साठी ओलांडलेल्या आणि जिना उतरताना कठडा धरणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पाणी, टोपी, टॉर्च तुम्ही न सांगता घ्याल. ट्रेकिंगच्या, लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या काठ्या घ्या. दोन. मागच्या वेळी माझ्या घरी दाराआड राहिल्या आणि पाली दरवाज्याच्या पायऱ्या मी बसत-सरकत उतरलो. मागून येणारी कॉलेजची पोरं "काका, हात देऊ का?" विचारत होती. तेव्हा आदल्या रात्रीच काठ्या बुटांना टेकवून ठेवा. बूट विसरून कुणी निघत नाही.

महिनाभर आधी मांड्यांकडे लक्ष द्या. चढताना दम लागतो, पण गुडघा बोलायला लागतो तो उतरताना. दर पावलाला शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास भार येतो आणि तो झेलायचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूंचं. सपाट रस्त्यावर फिरून ते तयार होत नाहीत. हात न टेकता खुर्चीत सावकाश बसा, उठा. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं राहून एक पाय हळू खाली टेकवा, परत वर घ्या, गुडघा आत वळू देऊ नका. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही. पुण्यात असाल तर पर्वतीवर काठ्या घेऊनच एक फेरी मारा. लोक बघतील. बघू द्या.

वाट पाली दरवाज्याचीच. गुंजवणे गावाहून चोर दरवाज्याने चढायचा मोह होतो, पण ती खडी वाट, शेवटी कातळ आणि रेलिंग. तिथे दोन्ही हात लागतात आणि काठ्या सॅकला बांधाव्या लागतात, म्हणजे नेमक्या हव्या तिथे त्या निरुपयोगी. पालीची वाट लांब पण रुंद. चढ-उतार दोन्ही तिथूनच करा, म्हणजे गाडी डोंगराच्या दुसऱ्या बाजूला राहायची भानगड नाही.

पुन्हा काठ्या. "गावात बांबू मिळेल की" असं म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नका. मिळेल, एखादा, तोही आखूड. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी लांबी ठेवा आणि उतरायला लागण्याआधी पाच ते दहा सेंटिमीटर वाढवा. लॉक घट्ट आहे का ते जोर देऊन बघा, घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, काठी आत सरकली की माणूस तोंडावर जातो. कातळावर टोकाला रबरी टोपी हवी, मातीत आणि घसाऱ्यात काढलेली बरी. दोन्ही काठ्या आधी खालच्या पायरीवर, मग दुखरा पाय, मग चांगला. चढताना उलट, चांगला पाय आधी. हे घरच्या जिन्यावर घोकून घ्या. छत्री म्हणजे काठी नव्हे. तुमच्या बायकोनेही सांगितलं असेल, तरी मी सांगतो: काठ्या.

नीकॅप घालत असाल तर सवयीचाच घाला, नवा कोरा तिथे बांधू नका. पोटरी सुजली किंवा मुंग्या आल्या तर लगेच काढा. वेदनाशामक गोळी निघतानाच घेऊन चढणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. दुखणं दबतं, इजा होत राहते, आणि रिकाम्या पोटी, घामाने पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडालाही जड जातात. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

सॅक हलकी. जड सामान तरुणांकडे द्या, लाजू नका. पायाची नखं कापा.

वर पोचल्यावर बालेकिल्ला दिसतो आणि पाय शिवशिवतात. तिथली चढण हाताची आहे. गुडघा आधीच तक्रार करत असेल तर खालच्या सपाटीवर, पद्मावती माचीवर बसा. उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा, जास्तच, आणि अंधाराआधी खाली पोचाल असं निघा. तिरकं, छोट्या पावलांनी. पळायचं नाही.

खाली आल्यावर बर्फ, कापडात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. गरम तेलाचं मालिश त्याच दिवशी नको. गाडीत पुढची सीट मागा, पाय लांब होतो. सूज उतरेना, गुडघा अडकला किंवा पाय टेकवेना, तर डॉक्टरांकडे जा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून विचारत बसू नका.