चिपळूणला घर बघताय? आधी पाणी कुठवर येतं ते बघा

ब्रोकर काय सांगतो ते राहू दे, शेजारच्या किराणावाल्याला विचारा की २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, तो भिंतीवर हात ठेवूनच दाखवेल, ती उंची लक्षात ठेवा आणि २००५ चं पण विचारा. मग मीटरबोर्ड बघा, जिन्याखाली असेल तर पुरात तोच आधी जातो. वाशिष्ठी नदीच्या पूररेषेचा नकाशा बघाच, निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा, निळीच्या आत घर असेल तर कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या. वरून धो धो पाऊस आणि खाली खाडीला भरती, दोन्ही एकदम आलं की पाणी उतरणार कुठे?

पण म्हणून अगदी डोंगराला चिकटूनही नको हां, २०२१ च्या पुराच्या त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावात दरड कोसळली. मागच्या उतारावर भेगा, कललेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा, यातलं काही दिसलं तर नकोच.

बाजारपेठ, स्टेशन हाकेच्या अंतरावर पाहिजे हे मान्य, पण घरात म्हातारी माणसं असतील तर मी रोजचं रिक्षाभाडं सोसेन आणि उंचावरचं घर घेईन.